पोटात कळ आली की घ्यायची गोळी: फार्मसीच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"एक सायक्लोपाम द्या", "मेफ्टाल आहे का", "पोटात पीळ पडतोय, काहीतरी द्या ना पटकन". गोव्यातल्या कुठल्याही फार्मसीत, मग ती फोंड्याची असो की पेडण्याची, दिवसभर हेच चालू असतं आणि चवथीच्या दिवसांत तर जास्तच. मी काउंटरच्या आतल्या बाजूला असतो त्यामुळे परत परत येणारे प्रश्न पाठ झालेत, ते इथे उत्तरांसकट टाकतोय. डॉक्टरची जागा घ्यायचा विचार नाही. पण गोळी तोंडात टाकायच्या आधी जरा वाचा, कारण या गोळ्या कळ थांबवतात, कळ कशाची होती ते काही सांगत नाहीत, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

ही गोळी पोटात जाऊन नक्की करते काय?

आतड्याच्या भिंतीत स्नायू असतात, ते सतत आवळतात आणि सैल होतात, त्यानेच अन्न पुढे सरकतं. कधी इन्फेक्शनमुळे, कधी गॅसमुळे, कधी टेन्शनमुळे हे आवळणं जोरात आणि वेडंवाकडं व्हायला लागतं, त्यालाच आपण मुरडा किंवा कळ म्हणतो. ती येते, चढते, उतरते, परत येते. पेटके कमी करणारी गोळी त्या स्नायूला सैल करते. एवढंच. इन्फेक्शन मारत नाही, ॲसिडिटी कमी करत नाही, आत खडा अडकला असेल तर तो काढत नाही.

सायक्लोपाम, मेफ्टाल स्पास, बस्कोगॅस्ट, ड्रोटिन, हे सगळं एकच ना? जी असेल ती द्या.

नाही हो, एकच नाही, आणि हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

सायक्लोपामच्या गोळीत डायसायक्लोमाइन आणि त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल असतं. (ती बनवणाऱ्या इंडोकोचे कारखाने आपल्या वेर्ण्यात आहेत, पण म्हणून ती घरची गोळी होत नाही.) मेफ्टाल स्पासमध्येही डायसायक्लोमाइनच, पण जोडीला मेफेनॅमिक ॲसिड, म्हणजे आयब्युप्रोफेनच्या घराण्यातलं पेनकिलर, जे जठराला लागतं. बस्कोगॅस्टमध्ये हायोसिन ब्युटिलब्रोमाइड, ते पोटातून रक्तात फार कमी जातं आणि बरंचसं आतड्यातच काम करतं, मेंदूपर्यंत सहसा पोचत नाही, त्यामुळे गुंगी कमी. ड्रोटिन म्हणजे ड्रोटाव्हेरिन, ते थेट स्नायूवर काम करतं, तोंड कोरडं वगैरे फारसं करत नाही पण बीपी खाली आणू शकतं. आणि कोलोस्पा म्हणजे मेबेव्हेरिन, ते आयबीएसवाल्यांना (आतडं वरचेवर बिघडण्याचा जुनाट त्रास) डॉक्टर रोजचं लिहून देतात, आज दुखतंय म्हणून आज एक घेऊन काही होत नाही, त्याचा गुण यायला दिवस लागतात.

आता गंमत अशी की एकाच नावाखाली वेगवेगळा माल असतो. मेफ्टाल स्पास वेगळी, मेफ्टाल फोर्ट वेगळी, मेफ्टाल पी लहान मुलांच्या तापाची. "मेफ्टाल आण" म्हणून पोराला पाठवलं आणि पोराने भलतीच आणली हे होतंच. स्ट्रिपचा फोटो काढून पाठवा, किंवा मागची बारीक अक्षरं वाचा, कंपनीचं नाव मोठं असलं तरी कामाची गोष्ट त्या बारीक अक्षरात असते.

अजून एक. सायक्लोपाम घेतली, मग अंग पण दुखतंय म्हणून डोलो ६५० घेतली, रात्री सर्दीची गोळी घेतली. तिन्हीत पॅरासिटामॉल निघू शकतं. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅम ही वरची हद्द आहे, नुसत्या चार डोलोचेच २६०० मिलिग्रॅम होतात, मग बाकीचं मोजा. लिव्हर आधीच कमजोर असेल किंवा रोज पिणं असेल तर हद्द त्याहून खाली येते.

किती घ्यायची? एकीने थांबलं नाही तर लगेच दुसरी घेऊ?

लगेच नको. डायसायक्लोमाइन रक्तात पूर्ण चढायला एक ते दीड तास लागतो, लोक वीस मिनिटं वाट बघतात आणि दुसरी टाकतात, मग दोन्ही एकदम चढतात आणि माणूस भोवंडतो. मोठ्या माणसाला सर्वसाधारण डोस म्हणजे डायसायक्लोमाइन १० ते २० मिलिग्रॅम एका वेळेला, दिवसात तीन किंवा फार तर चार वेळा. हायोसिन १० मिलिग्रॅमची एक गोळी, जास्तीत जास्त दोन, तेही दिवसात चार वेळांपेक्षा जास्त नाही. जोडीला मेफेनॅमिक किंवा पॅरासिटामॉल असेल तर दोन डोसमध्ये सहा तास तरी जाऊ द्या.

डॉक्टरने चिठ्ठीवर वेगळं लिहिलं असेल तर त्यांचं ऐका, माझं नको. आणि दोन डोस घेऊनही कळ तशीच असेल तर तिसरा डोस हे उत्तर नसतं, तपासून घेणं हे उत्तर असतं.

उपाशीपोटी चालते का?

मेफ्टाल स्पास असेल तर जेवून, किंवा निदान वाटीभर पेज पोटात घालून मग. बाकीच्या कशाही चालतात. मेबेव्हेरिनची गोळी मात्र जेवणाच्या वीसेक मिनिटं आधी. आणि जेलुसिल, डायजिनसारखं ॲन्टासिड पीत असाल तर डायसायक्लोमाइन त्याच्याबरोबर एकाच घोटात नको, मध्ये दोनेक तास ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

जुलाब आणि मुरडा दोन्ही आहे. काल गाड्यावर रस-आमलेट खाल्लं. घेऊ का गोळी?

रस-आमलेटला उगाच बदनाम करू नका, पाणी, बर्फ, कापून ठेवलेली फळं यातलं काहीही असू शकतं, पावसाळ्यात विहिरीत वरचं पाणी शिरलं की तेही. पण प्रश्न बरोबर आहे.

साधे पाण्यासारखे जुलाब, ताप नाही, रक्त नाही, फक्त पीळ पडतोय, तर एखाद-दुसरी गोळी घेतली तरी चालून जातं. खरं औषध मात्र ओआरएस. इलेक्ट्रालचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असले अंदाजपंचे नको, मीठ-साखरेचं प्रमाण बिघडलं की फायद्याच्या जागी तोटा होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. शहाळं, पेज, सोलकढी चालेल पण ओआरएसच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नाही.

ताप आहे, शौचाला रक्त किंवा आंव पडतेय, तर ही गोळी नको आणि जुलाब थांबवणारं लोपरामाइड तर मुळीच नको. आतडं जे बाहेर टाकायचा प्रयत्न करतंय ते तुम्ही आत कोंडून ठेवताय. अशा वेळी आतडं सुस्त पडून फुगण्याचा धोका खरा असतो. जवळच्या आरोग्य केंद्रात जा.

लहान मुलांचे जुलाब असतील तर पेटक्याची गोळी विसराच, ओआरएस आणि डॉक्टर सांगेल तसं झिंक १४ दिवस, जुलाब मध्येच थांबले तरी १४ दिवस पूर्ण.

कुठल्या पोटदुखीत ही गोळी घेऊन घरी बसायचंच नाही?

बेंबीपाशी सुरू झालं आणि काही तासांनी उजव्या बाजूला खाली सरकलं, चालताना हिसका बसला तरी दुखतं, भूक मेली, थोडा ताप, हे अपेंडिक्स असू शकतं. यात एरंडेल तर चुकूनही देऊ नका, आमच्याकडे अजून लोक "पोट साफ झालं की बरं वाटेल" म्हणून देतात.

पोट फुगलंय, उलट्या होतायत, शौच नाही आणि वारासुद्धा सरत नाही, तर आतडं अडलेलं असू शकतं. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालंय त्यांनी तर हे डोक्यात ठेवायचंच. इथे पेटके थांबवणारी गोळी सरळ घातक.

पोट लाकडासारखं टणक झालंय, हात लावू देत नाही. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही. शौच डांबरासारखं काळं (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही काळं होतं, ते डॉक्टरला सांगा). घाम फुटून चक्कर येतेय. या सगळ्यात १०८ ला फोन करा, गोळी शोधत बसू नका.

पाळी चुकलीय आणि एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखतंय, रक्त जातंय किंवा नाही, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. हे तासांचं काम आहे. मुलगी लग्नाची नाही म्हणून घरचे हा विचारच करत नाहीत, पण डॉक्टरला खरं सांगायला हवं.

वयात येणारा मुलगा, अचानक ओटीपोटात दुखतंय म्हणतो, उलटी करतो. लाजून खरी जागा सांगत नाही. अंडकोषाला पीळ पडलेला असेल तर साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं, नंतर तो वाचवणं कठीण होत जातं. आईबापांनी सरळ विचारावं, आडवळणाने नाही.

डायबिटीस असलेल्याला, खासकरून इन्शुलिनवर असलेल्याला, पोटात दुखून उलट्या होत असतील तर आधी शुगर बघा. शुगर खूप चढून रक्तात ॲसिड झालं की पोट असंच दुखतं.

छातीच्या खाली, बेंबीच्या वर जळतंय, गॅस असेल ना?

असेलही. पण चाळिशी-पन्नाशीचा माणूस, बीपी-शुगर-सिगरेट यातलं काही आहे, चालल्यावर वाढतंय, जबडा, खांदा किंवा डाव्या हाताकडे जातंय, घाम येतोय, तर तो हार्ट ॲटॅक असू शकतो आणि तो पोटदुखीच्या वेषात येतो हे काउंटरवर उभं राहून मला दर महिन्याला सांगावं लागतं. बायकांमध्ये आणि डायबिटीसवाल्यांमध्ये तर छातीत न दुखताही. सोडा पिऊन, ढेकर देऊन, सायक्लोपाम घेऊन रात्र काढायची आणि सकाळी बघू म्हणायचं हे बंद करा, जवळच्या इस्पितळात ईसीजी काढायला फार वेळ लागत नाही. आणि स्कूटर स्वतः चालवत जाऊ नका, १०८ बोलवा.

ही गोळी कोणी घ्यायचीच नाही?

डायसायक्लोमाइन आणि हायोसिन दोन्हीसाठी: काचबिंदू असलेले, त्यातही कोन अरुंद असलेला प्रकार, कारण डोळ्यातलं प्रेशर एकदम चढू शकतं. प्रोस्टेट वाढून लघवीला अडचण होणारे आजोबा, लघवी पूर्ण अडू शकते आणि मग मध्यरात्री नळी घालायला इस्पितळात. मायस्थेनिया नावाचा स्नायूंचा आजार असलेले. हृदयाचे ठोके आधीच जलद पडणारे, थायरॉइड वाढलेले, यांनी विचारल्याशिवाय नको. अन्न वर येऊन छातीत जळजळणाऱ्यांना डायसायक्लोमाइनने ते वाढू शकतं.

मेफेनॅमिक असलेली गोळी अल्सर, किडनीचा त्रास, हार्ट फेल्युअर, ॲस्पिरिनने दमा उठणारे, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे, या सगळ्यांना नको. ड्रोटाव्हेरिन लिव्हर, किडनी किंवा हृदय फार कमजोर असलेल्यांना नको, आणि पार्किन्सनच्या लेव्होडोपा गोळीचा परिणाम ते कमी करतं.

आजीला देऊ का? ८० वर्षांची आहे, तिला नेहमीच पोटात वळतं.

आजीचं पोट नेहमी वळतं ते बऱ्याचदा बद्धकोष्ठतेने, आणि डायसायक्लोमाइन बद्धकोष्ठता अजून वाढवतं, म्हणजे चक्र चालू. शिवाय म्हाताऱ्या माणसांना या गोळीने गोंधळल्यासारखं होतं, वेळ-काळ कळत नाही, रात्री उठून भलतंच बोलतात, पडतात. घरच्यांना वाटतं वेड लागलं. झोपेची, डिप्रेशनची किंवा खाजेची गोळी आधीच चालू असेल तर हे सगळं बेरजेने वाढतं. आजीच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून घेऊन या, पिशवी बघितल्याशिवाय मी सांगत नाही. आणि वय झाल्यावर पोटदुखी नव्याने सुरू झाली असेल तर ती "वयाची" म्हणून सोडू नका.

बाळ रात्रभर रडतं, शेजारच्या मावशीने थेंब सांगितलेत.

कुठले थेंब ते बघा, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतोय. काही पोटदुखीच्या थेंबांत डायसायक्लोमाइन असतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते द्यायचं नाही. श्वास अडणं, झटके येणं, बाळ बेशुद्ध होणं असे प्रकार नोंदले गेलेत. मोठ्या भावंडाला दिलेली अर्धी बाटली कपाटात असते, नाव तेच, आणि मध्यरात्री रडणं सहन होत नाही, तिथे चूक होते. सिमेथिकोन, बडीशेप वगैरेचे थेंब वेगळे, ते तितके घातक नाहीत, पण त्यांचाही फार मोठा फायदा होतो असं नाही.

तान्ह्या बाळाचं संध्याकाळचं रडणं साधारण दीड महिन्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होतं. खांद्यावर घ्या, ढेकर काढा, आलटून पालटून घ्या म्हणजे आईला झोप मिळेल. हिंग बेंबीभोवती लावतात ते लावा, पोटात पाजू नका, तान्ह्या बाळाच्या रक्तावर त्याचा वाईट परिणाम झाल्याचं नोंदलेलं आहे.

पण बाळ थांबून थांबून किंचाळतंय, पाय पोटाशी घेतंय, मध्येच निपचित पडतंय, हिरवी उलटी किंवा जेलीसारखं लाल शौच, तर आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं, सरळ गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठा.

शाळेत जायच्या वेळीच मुलाच्या पोटात दुखतं.

रविवारी दुखतं का ते बघा. गोळी देऊ नका, आधी मास्तर, परीक्षा, शाळेतलं टॉयलेट याबद्दल बोला. वजन घटत असेल किंवा दुखून रात्री झोपेतून उठत असेल तर मग डॉक्टर.

पाळीच्या वेळी मेफ्टाल स्पास दर महिन्याला घेते, चालतं का?

दर महिन्याला एक-दोन दिवस, जेवून, वर लिहिलेला कुठलाही आजार नसताना, डॉक्टरने एकदा बघून सांगितलेलं असताना, बऱ्याच जणींना चालतं. पाळीत गर्भाशय आवळतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे आणि मेफेनॅमिक नेमकं तेच कमी करतं, म्हणून खरं काम करणारा भाग तोच आहे. दुखणं असह्य व्हायची वाट बघण्यापेक्षा सुरू होतानाच घेतली तर कमी गोळ्यांत भागतं. गरम पाण्याची पिशवी जोडीला ठेवा, तिचाही खरोखर उपयोग होतो.

एक गोष्ट माहीत हवी. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सूचना काढली होती की त्याने ड्रेस सिंड्रोम नावाची ॲलर्जी होऊ शकते. व्हॉट्सॲपवर त्याचं "मेफ्टालवर बंदी" झालं, बंदी वगैरे काही नव्हती. ही रिॲक्शन क्वचित होते, पण झाली तर गंभीर असते: गोळी सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं, आत लिव्हर-किडनीवर परिणाम. आठवडे उलटून गेल्यामुळे कोणाला गोळीशी संबंध लागत नाही. पुरळ आणि ताप एकत्र आले तर गोळी बंद करून डॉक्टरला सांगा की मी ही घेतली होती.

आणि पूर्वी एवढं दुखत नव्हतं, आता दर महिन्याला वाढत चाललंय, दोनाच्या चार गोळ्या झाल्या, तर सोनोग्राफी करून घ्या. एन्डोमेट्रिओसिस, फायब्रॉइड अशी कारणं वर्षानुवर्षं मेफ्टालखाली झाकली जातात. "बाईच्या जातीला दुखायचंच" म्हणणाऱ्या सासवा-आयांना माझा नमस्कार, पण तपासणी करा.

गरोदर आहे / बाळाला अंगावर पाजते, घेऊ का?

गरोदरपणात पोटात कळा येणं हा फार्मसीत विचारायचा प्रश्नच नाही, आधी डॉक्टर. मेफेनॅमिक वीस आठवड्यांनंतर टाळायचं, बाळाच्या किडनीवर आणि गर्भातल्या बाळाभोवतीच्या पाण्यावर परिणाम होतो. पाजणाऱ्या आईने डायसायक्लोमाइन घ्यायचं नाही, ते दुधात उतरतं.

हुर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन आहे, दोन ग्लास झालेत आणि पोटात पिळतंय.

मग आज गोळी नको. डायसायक्लोमाइनने गुंगी येते, दारूने येते, दोन्ही मिळून रस्त्यावर तोल जातो. पॅरासिटामॉल असेल तर लिव्हरला डबल काम, मेफेनॅमिक असेल तर जठराला. आणि दारूनंतर पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत आरपार जाणारी, पुढे वाकून बसलं की थोडी बरी वाटणारी कळ असेल तर स्वादुपिंड सुजलेलं असू शकतं, त्याला इस्पितळच लागतं. पाणी प्या, झोपा, पायलट (मोटरसायकल टॅक्सी) करून घरी जा, गाडी तिथेच ठेवा.

चोर्ला घाटात उलटी होते म्हणून ॲवोमिन घेतली, आता पोटात मुरडा आलाय.

ॲवोमिनसुद्धा याच पद्धतीने तोंड कोरडं करते आणि झोप आणते. वर डायसायक्लोमाइन घातलं तर दोन्हीचे परिणाम एकावर एक. बेळगावला पोचेपर्यंत थांबा, किंवा घ्यावीच लागली तर ड्रायव्हिंग दुसऱ्याकडे द्या. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन ही डिप्रेशनची गोळी, यांच्या बाबतीतही हेच.

गोळी घेतल्यावर तोंड सुकलं, अंधुक दिसतं. घाबरू का?

तोंड कोरडं, थोडी चक्कर, जवळचं अंधुक दिसणं, झोप, बद्धकोष्ठता हे अपेक्षित आहे, काही तासांत उतरतं. तोवर स्कूटर नको, कोयता नको, माडावर चढणं तर नकोच. एक परिणाम कोणी सांगत नाही तो म्हणजे घाम कमी येतो. एप्रिल-मे मधल्या आपल्या हवेत, काजूच्या बागेत किंवा पत्र्याखाली काम करणाऱ्याला घाम आला नाही तर अंग तापत जातं आणि ऊन लागतं. त्या दिवशी सावलीत राहा.

डोळा लाल होऊन जोरात दुखला, लघवी होतच नाही, छाती धडधडते, माणूस बरळायला लागला, तोंड सुजलं किंवा श्वास लागला, तर लगेच इस्पितळ. औषधाच्या वाईट परिणामाची नोंद करायला सरकारी टोल फ्री नंबर आहे, १८०० १८० ३०२४, तिथे पेशंटही स्वतः कळवू शकतो.

मुलाने स्ट्रिपमधल्या पाच-सहा गोळ्या खाल्ल्या तर?

उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका. रिकामी स्ट्रिप बरोबर घ्या आणि निघा, मूल नॉर्मल दिसत असलं तरी. पॅरासिटामॉलचा परिणाम पहिला दिवस दिसतच नाही आणि त्याचा उतारा वेळेत द्यावा लागतो.

मला ही गोळी आठवड्यातून तीन-चारदा लागते. सवय लागेल का?

डायसायक्लोमाइनची व्यसनासारखी सवय सहसा लागत नाही. पण आठवड्यातून तीन-चारदा लागते म्हणजे निदान व्हायचं राहिलंय. बऱ्याच जणांचं ते आयबीएस निघतं: शौचाला जाऊन आलं की बरं वाटतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठता, टेन्शनमध्ये वाढतं. त्याला इसबगोल, जेवणाच्या वेळा, कांदा-लसूण, कडधान्यं, फणस यातलं काय बाधतं ते एकेक करून बघणं, आणि मेबेव्हेरिन किंवा पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल (चावायच्या नाहीत, आख्ख्या गिळायच्या) असा वेगळा मार्ग आहे. डायसायक्लोमाइन नीट दोन आठवडे घेऊन फरक नसेल तर तीच ओढत राहण्यात अर्थ नाही. वजन उतरतंय, रक्त जातंय, हिमोग्लोबिन कमी, दुखून रात्री जाग येते, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालंय, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालाय, यातलं एक जरी असेल तर आयबीएस म्हणून स्वतःच शिक्का मारू नका.

"स्पास्मो" म्हणून मागतात त्या कॅप्सूलची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. जुन्या फॉर्म्युल्यात डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन होतं, त्यावर २०१३ मध्ये बंदी आली, नंतर ट्रॅमाडॉल आलं आणि २०१८ पासून ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. हे अफूच्या घराण्यातलं, याची सवय लागते. मित्राने दिली म्हणून घेऊ नका, आणि रोज घेत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरकडे जा, लाज वाटायचं कारण नाही.

घरगुती काही चालेल का? ओवा, जिरं, धोतरा?

ओवा, जिऱ्याचं पाणी, सोलं घातलेली कढी, शेक, सगळं चालेल, साध्या गॅसच्या कळेला पुरतं. धोतरा मात्र नाही म्हणजे नाही. हायोसिन मुळात धोतऱ्याच्याच कुळातल्या झाडांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून बनतं हे खरं, पण गोळीत ते मोजून आणि बदलून घातलेलं असतं, झाडात किती आहे ते कोणाला माहीत. पणजीत ज्याच्या नावाची बाग आहे त्या गार्सिया द ओर्ताने १५६३ सालीच गोव्यात छापून ठेवलंय की चोर लोक धोतरा खायला घालून माणसाला भ्रमिष्ट करतात आणि लुटतात. तेव्हापासून झाड बदललेलं नाही.

चिठ्ठीशिवाय का देत नाही? समोरचा देतो.

डायसायक्लोमाइन आणि मेफेनॅमिक शेड्यूल एच मध्ये आहेत, चिठ्ठीवर द्यायची औषधं आहेत. समोरचा देतो ते त्याचं. रात्री-बेरात्री खरंच अडचण असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, नाहीतर म्हापशाच्या, मडगावच्या जिल्हा इस्पितळात किंवा फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात कॅज्युअल्टी चोवीस तास असते, तिथली चिठ्ठी आणा.

घरात ठेवू का एक स्ट्रिप? कशी ठेवू?

ठेवा, पण बाथरूममध्ये किंवा फ्रीजवर नको, पावसात आपल्याकडे पापड नरम होतात तिथे गोळीचं काय. घट्ट झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताबाहेर. गोळ्या स्ट्रिपमधून काढून प्लास्टिकच्या डबीत भरू नका, नाव आणि एक्सपायरी दोन्ही जातं. स्ट्रिप कापताना एक्सपायरीचा भाग आधी वापरून टाकतात बहुतेक जण, तो शेवटी ठेवा. आणि डब्यावर स्केचपेनने लिहा कोणाची आहे: मुलीची मेफ्टाल आणि आजोबांच्या बीपीच्या गोळ्या एकाच डब्यात नकोत.